जालिंदरच्या वहाणा

हात वर धरा गं, हात! गादीला मेंदी लागली तर सकाळी तुमच्या आया माझ्या नावानं शंख करतील. लाईट गेली ती गेली, आता काय येत न्हाई. ती चिमनी जरा हिकडं सरकवा. तेजू, तू नवरी मुलगी, तू हितं माझ्यापाशी बस. उद्या ह्या येळला तू दुसऱ्याच्या घरात असशील. आज बस.

काय? भुताची पायजे? लगीनघरात भुताची? बरं बाई, सांगते. पर मधी कुनी खिदळायचं न्हाई, आन् नंतर एकटीला मोरीकडं जायाला भ्या वाटतंय म्हनून मला उठवायचं न्हाई.

आयका तर.

माझ्या म्हायेरची गोष्ट हाय. आमची वाडी डोंगराच्या पल्याड. मधी खिंड. खिंडीच्या अल्याड मोठं गाव. आमच्या शेजारच्या गयाकाकूची लेक शालन, ती त्या मोठ्या गावात दिलेली. नवऱ्याचं नाव जालिंदर.

आता ह्यो जालिंदर कसा? हितंच सगळा घोळ हाय. दारू न्हाई, पत्ते न्हाईत. बायकोवर हात उगारलेला कुनी बघितला न्हाई. आवाजसुदिक चढवायचा न्हाई. गावात कुनाचं मयत झालं की लाकडं आनायला ह्यो म्होरं. बायका म्हनायच्या, शालननं नशीब काढलं.

आन् शालन कोन? सरपंच! व्हय, सरपंच! बायकांची जागा निघाली, हिला उभी केली, निवडून आली. पंधरा ऑगस्टाला झेंडा हिच्या हातनं. पोरं रांगंत उभी ऱ्हाऊन सलाम ठोकायची.

आता सांगा, ह्या सरपंचबाईच्या चपला कुठं असायच्या? दारात? न्हाई. कपाटात. कुलपात. आन् किल्ली जालिंदरच्या करदोट्याला!

हसू नगा गं. खरं सांगते. तिला कुठं जायाचं आसलं की ती इचारायची, "जाऊ का?" त्यो म्हनायचा, "कुठं? कशाला? कोन कोन हाय तिथं? कवा येनार?" समदं गोडीत हां. मंग त्येच्या मनाला आलं तर उठायचा, कपाट उघडायचा, चपला काढायचा आन् सवता वाकून तिच्या म्होरं ठेवायचा. बघनाऱ्याला वाटावं, काय जीव हाय बायकोवर! ती परत आली की फडक्यानं पुसून परत कपाटात. "हरवशील गं," म्हनायचा. "तुझं ध्यान नसतं." आन् शालनलाबी वाटायचं, आसंल बाई, आपलंच ध्यान नसतं. लगीन होऊन आली तवापास्नं हेच आयकत आली, मंग दुसरं काय वाटनार?

फोन त्येच्या खिशात. म्हायेरचा फोन आला की त्योच बोलायचा. "बरी हाय शालन. कामात हाय."

तर आयका. श्रावन व्हता. गयाकाकू हांतरुनाला खिळली. दवाखाना झाला, डाक्टर म्हनला घरी न्या. काकूच्या तोंडात येकच, शालन, शालन. फोन लावला. "बघतो," म्हनला जालिंदर. परत लावला. "झेंडा झाला की बघतो." आन् शालनला? शालनला त्येनं काय सांगितलंच न्हाई!

पर आमची काकू काय कमी न्हवती. तिनं कासारणीला बोलावलं. बांगड्या भरायला न्हवं, निरोप द्यायाला. कासारीण गावोगाव फिरनारी, तिला कुनाच्या घरात कोन अडवनार? झेंड्याच्या आदल्या दिवशी ती शालनच्या ओसरीवर. जालिंदरनंच बसवली. म्हनला, उद्या सगळं गाव बघनार, हिरव्याच भरा, आन् मला इचारून भरा. खुर्ची टाकून समोर बसला. कासारणीनं शालनचा हात हातात धरला. दाबला. सोडंना. शालन बघतीय, काय झालं हिला? तेवढ्यात जालिंदरचा फोन वाजला आन् त्यो अंगनात गेला. कासारीण वाकली. म्हनली, "आई जाती तुझी. तिनं सांगितलंय, कुनाला इचारत बसू नगं. ये."

आत्ता! कुनाला इचारत बसू नगं. हे ध्यानात ठेवा. फुडं लागतंय.

पर सवय म्हंजे सवय. त्या राती शालननं इचारलंच. "आईकडं जाऊ का?" त्यो म्हनला, "तुला कुनी सांगितलं?" बास. आई कशी हाय, हे न्हाई. कुनी सांगितलं! मंग म्हनला, "उद्या झेंडा हाय. झाला की बघू."

झाला झेंडा. सकाळी चपला निघाल्या. शालननं दोरी वढली. त्येनं लिहून दिलेलं भाषन वाचलं. आपन सवतंत्र झालो, आता बायकांनी मागं ऱ्हाऊ नये. टाळ्या! पोरींनी लई टाळ्या वाजवल्या. घरी आली. "आता जाऊ?" "आता दमलीस. उद्या बघू." चपला पुसल्या. कपाट. कुलूप.

ती रात. जालिंदर झोपला. शालन उठली. बारीक पाऊस. बाहीर डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. दाराशी आली आन् थांबली. पायात काय? खिंडीत बोराटीचं काटं, श्रावनात सापकिरडू. आन् दाराशी जालिंदरच्या वहाणा. नव्या, कातडी, करकर वाजनाऱ्या. तिनं त्याच पायात सरकावल्या.

बायांनो, हितंच चुकली ती. पर तिला काय ठाऊक? तुमी असता तर तुमीबी त्याच घातल्या असत्या.

निघाली. करकर, करकर. वढा वलांडला. म्हसोबाच्या दगडाला हात लावला. तिथनं चढ. चढ चढली, दम लागला. खिंड आली. खिंडीतनं उतरली. खाली दिवा दिसला. आली वाडी! आईचा दिवा! पळतच सुटली. आली, आली, आन् बघतीय तर काय?

तिचंच दार. तीच तुळस. तीच म्हस, बसून रवंथ करतीय. दाराच्या फटीतनं उजेड.

आरं देवा! मी खिंड वलांडली का न्हाई? वलांडली! मंग येताना वाटंत म्हसोबा कसा लागला न्हाई? तिला कायबी उमजंना. मागं फिरली.

परत वढा. परत म्हसोबा. आता तिच्या ध्यानात आलं, चकवा हाय. हां, चकवा! दिसत न्हाई, धरत न्हाई. नुस्ता फिरवतो. उजाडंस्तवर फिरवतो. त्येच्यावर उपाय तुमच्या आज्जीलाबी ठाऊक व्हता, उजवी वहाण डाव्या पायात, डावी उजव्यात. उलटं चाललं की चकवा सुटतो. शालननं तसं केलं. वेड्यावाकड्या वहाणा, फरफटत चालली. चढली. उतरली. दिवा दिसला.

दार. तुळस. म्हस.

सुटला न्हाई! कुनाचाबी सुटतो, हिचा सुटला न्हाई!

कोन वाजतंय? तेजू, तुझा फोन व्हय? जावईबापू! काय म्हनतोय, वाच की मोठ्यानं. "हाताचा फोटो पाठव. जवळ कोण कोण आहे त्यांचा पण पाठव." आगं बाई, मला म्हातारीला कशाला फोटूत! पाठव, पाठव. हिचे हात वल्ले हायेत, कुनीतरी दाबा गं ते बटन. झालं? बाजूला ठेव आता. आयका.

पुन्ना निघाली शालन. रडू आलंय, पर चाललीय. म्हसोबापाशी येक बाई उभी. डोक्यावर गवताचा भारा, हातात कंदील. शालनला हायसं वाटलं. बाई गोड बोलली. "कुठं निघालीस लेकी?"

"म्हायेरला. आई लई आजारी हाय."

बाई म्हनली, "इचारून आलीस का?"

शालन खोटं बोलनारी न्हाई. म्हनली, "न्हाई."

"मंग कशी पोचशील? चल, मी सोडते." कंदील म्होरं, शालन मागं. चालता चालता शालननं बघितलं. पाऊस पडतोय, हिचा पदर चिप्प भिजलाय. आन् त्या बाईचं लुगडं? कोरडं! गवत कोरडं! कंदिलावर पान्याचा थेंब न्हाई! शालन मागं सरली. वरडायला तोंड उघडलं, तर कंदील इझला, बाई न्हाई, आन् समोर दार. तुळस. म्हस.

घाबरलीस का गं तू? सरक हिकडं. आजून कुठं काय झालंय.

मंग ती वाट सोडून आडवी घुसली. रानातनं. म्हनली वाटंनं चकवा लागतोय तर वाटच नगं. बोराटी पदराला वढतीय. आन् आचानक माळ लागला. मोकळा. माळावर उजेड. आन् उजेडात खांब! झेंड्याचा खांब, पर त्येच्यावर काय न्हाई. नुस्ता खांब. म्होरं खुर्च्या. खुर्च्यांवर अख्खं गाव. रातच्या पारी! कडक इस्तरीची कापडं घालून. मधी येक खुर्ची मोकळी, हार घातलेली. लाऊडस्पीकरातनं कोनतरी बोललं, "सरपंचबाई आल्या! या, बसा, बसा!" समदी उठून उभी ऱ्हायली. हात जोडले. टाळ्या.

शालन खुळी झाली. सपान हाय का खरं? पाय तर दुखत व्हते. ती खुर्ची बघून वाटलं, जरा बसावं. जरासंच. ती वाकली. बसनार, तेवढ्यात समदा गाव येका आवाजात म्हनला, हात जोडूनच म्हनला, लई आदबीनं म्हनला,

"इचारून आलासा का?"

आईऽ गं! ती जी पळाली! मागनं टाळ्या थांबंनात. टाळ्या मागनं येत्यात, म्होरनं येत्यात, पावसाचा आवाज का टाळ्यांचा तेबी कळंना. पळता पळता कुठं आली? म्हसोबाच्या दगडापाशी. बसली खाली. म्हनली, आता न्हाई व्हत. जाते घरला. दार वाजवते. चुकलं म्हनते. त्यो घेईल आत. काय मारनारा न्हाई त्यो.

आसं म्हनली गं ती. मला तिनं सवता सांगितलंय.

आन् तवा वरनं, खिंडीतनं आवाज आला. "शालन... ये शालन..."

आईचा आवाज! गयाकाकूचा! शालन तटकन उठली. आई हितं कशी? आईला उठता येत न्हाई. का आई गेली? गेली आन् भेटाया आली? "आई! आगं मी आले! हितं हाय मी!"

आवाज जवळ आला. लई मायेनं म्हनला, "आलीस व्हय बाळा? इचारून आलीस का?"

शालन जाग्यावर थिजली.

आता सांगा, काकूनं निरोप काय धाडला व्हता? कुनाला इचारत बसू नगं. ज्या आईनं मरता मरता हे सांगितलं, ती आई हे इचारंल का? शालन वरडली, "तू माझी आई न्हाईस!" आवाज गप. म्हंजे आई आजून हाय! आई घरात हाय, वाट बघतीय! रडता रडता तिला हसू आलं म्हने. हे इचारनारं माझ्या आईचं भूत न्हाई, म्हंजे आई जिती हाय!

मंग तिनं खाली बघितलं. ईज चमकली तवा बघितलं. ती उभी खिंडीकडं तोंड करून. आन् पायातल्या वहाणा? वहाणांची तोंडं गावाकडं! बोटं हिकडं, वहाणा तिकडं! टाच वहाणंच्या बाहीर. तिनं पाय वळवला, वहाण हळूच फिरली, करकर करत, परत गावाकडं. त्येंला दुसरी वाटच ठाऊक न्हवती. डाव्याची उजवी करून काय व्हनार? वहाणा तिच्या न्हवत्याच ना गं! त्या जालिंदरच्या!

काढल्या तिनं. येक पायातनं निघंना, वढून काढली. दोनी फेकून दिल्या वढ्याकडं. आन् फेकल्याबरुबर मागनं आवाज. अगदी कानाशी. जालिंदरचा.

"शालन, काटा जाईल गं पायात."

वरडला न्हाई. रागावला न्हाई. म्हनला, "अंधारात पडशील. तुझं ध्यान नसतं. माझ्याबिगर तुझी काळजी कोन करनार? ये, चपला देतो तुझ्या. किल्ली आनलीय बघ." आन् किल्ली वाजली. खुळखुळ.

बायांनो, कोरड्या लुगड्याच्या बाईला ती भ्याली. माळावरच्या गावाला भ्याली. पर ह्या आवाजाला? ह्या आवाजाला ती भ्याली न्हाई. ह्या आवाजावर तिचं पाऊल मागं पडलं. ती म्हनली मला, "हौसा, तवा मी सगळ्यात जास्त हरले व्हते. मला वाटलं, खराच आलाय. खराच काळजीनं आलाय." आजूनबी तिला सांगता येत न्हाई, त्यो चकवा व्हता का जालिंदर. मी इचारलं तर म्हनते, ठाऊक न्हाई.

तेवढ्यात पायाखाली काटा मोडला. कच्चकन. तिच्या सवताच्या पायात. तिनं कळ सोसली. काटा उपटला न्हाई. तशीच चढाला लागली. मागनं किल्ली वाजतीय, खुळखुळ. ती चढतीय. आवाज म्हनतोय, "लोक काय म्हनतील?" ती चढतीय. आवाज म्हनतोय, "बरं, जा, पर कवा येनार तेवढं सांग." ती चढतीय. खिंड आली. खिंडीत वारा. आन् वाऱ्यात दुसऱ्या गावचा कोंबडा आरवला. आमच्या वाडीचा!

मी काकूच्या उशाशी व्हते. दार ढकललं गेलं. मी बघतीय, शालन. केस मोकळं, लुगड्याच्या चिंध्या, पाय नुस्ते रक्ताळलेले. जमिनीवर लाल पावलं उठली, लक्ष्मीची काढतो तशी. आमी समदी येड्यागत बघतोय. मला सुदिक काय इचारायचं व्हतं ठाऊक हाय? कशी आलीस, येकटीच का, घरात सांगितलंस का? जिभेवर आलं व्हतं बघा.

पर काकूनं डोळं उघडलं. लेकीकडं बघितलं, तिच्या पायांकडं बघितलं. किती दिसांनी तिच्या तोंडातनं धड शब्द आला. म्हनली,

"जेवलीस का गं?"

शालन तिथंच आईच्या कुशीत पडली आन् जी रडली, जी रडली... दे गं त्यो पदर माझा. धूर गेला डोळ्यात चिमनीचा.

दुपारपतोर व्हती काकू. लेकीचा हात हातात घेऊन गेली.

आन् हिकडं काय झालं, ते त्या गावचे लोक सांगतात. जालिंदर रातभर जागा व्हता! बाहीर करकर वाजायची, दाराशी यायाची, थांबायची, परत जायाची. ह्यो आत बसलेला. आतनं कडी. म्हनला, येईल, इचारंल, माफी मागंल, मंग उघडीन. किती का यीना, उघडली न्हाई. पहाटं परत करकर आली आन् दाराशी थांबली. ह्येनं हसत दार उघडलं. बाहीर कोन न्हाई. उंबऱ्यापाशी नुस्त्या वहाणा. चिखलानं भरलेल्या. तोंडं घरात.

त्या घालून निघाला बायकोला आनायला. फाटकापतोर गेला, वळून परत दारात. परत फाटक, परत दार. मंग घराला फेऱ्या. दीस डोक्यावर आला तरी घराभवती फिरतोय. लोक म्हनले, जालिंदरराव, कुठं निघालाय? म्हनला, सासुरवाडीला. आवो, वहाणा काढा की! पर त्येला ते पटंना. त्येच्याच ना त्या. त्यो म्हनायचा, रस्त्यातच कायतरी बिघाड हाय.

शालन परत गेली. व्हय, त्या गावात गेली, पर त्या घरात न्हाई. आईच्या चपला पायात घालून गेली. झिजक्या, पर मापाच्या. शाळंमागं खोली घेतली. चपला दाराबाहीर काढती, चोराला न्यायाच्या तर नेऊ दे म्हनती. आजून जालिंदर लोकांना सांगतो, माझं काय चुकलं? मी हात तरी उगारला का? आन् लोकबी गोंधळत्यात. खरंच, उगारला न्हाई.

मंग चकवा कोन व्हता? कंदीलवाली? का वहाणा? का आनिक काय? मला इचारू नगा. मी म्हातारी झाले, मला आजून उमजलं न्हाई. पर येवढं आयका. त्या खिंडीतनं खुशाल जा. दिवसा जा, रातीचं जा. खिंडीचं कायबी भ्या न्हाई. पर आपल्या चपला दुसऱ्याच्या कुलपात, त्या वाटंला कवाच जाऊ नगा. लई गोड वाट असती ती. चालनारीला वाटतं, आपन लई म्होरं आलो.

झालं. झोपा आता.

परत वाजला? बघ बाई, फोटू मिळाला वाटतं. कशी दिसते म्हनतोय ही म्हातारी? वाच की. वाच गं. तोंड का पडलं तुझं? दे, तू वाच गं, हिच्या शेजारची. मोठ्यानं.

"कोपरापर्यंत मेंदी कुणाला विचारून काढली? मी मनगटापर्यंतच सांगितली होती. आत्ताच्या आत्ता धुऊन टाक आणि फोटो पाठव."

...

आता का गप झाल्या समद्या? मघाशी लई खिदळत व्हता.

न्हाई, तेजू. उठू नगं. मोरीकडं जायाचं न्हाई. पानी लावायचं न्हाई हाताला. बस तू. हात वर धर, वाळू दे चांगली.

माझ्या चपला बघा गं कुठं हायेत. जिन्यापाशी काढल्या व्हत्या. आन् ती बॅटरी दे. हिचा बाप मांडवात झोपलाय, त्येला उठवते.